गवई गात नाहीं तेव्हां



गवयानें कसें गावें ह्याविषयीं आपल्याकडे पुष्कळ बोललें आणि लिहिलें गेलें आहे. कोणता राग कोणत्या प्रहरीं घ्यावा, तानेची लांबी किती असावी, नाट्यपदांत आलापीला किती जागा द्यावी, ह्यांवर घरोघर वाद झडत आले आहेत. परंतु गवयानें गाण्यासच नकार दिला असतां श्रोत्यानें कसें वागावें, ह्याविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. आजच्या भाषणांत मी त्याच प्रश्नाकडे आपलें लक्ष वेधणार आहें.

नकाराचीं कारणें नाना प्रकारचीं असतात. घसा बसला, पाऊस आला, आगगाडी चुकली, बिदागीवरून बोलाचाली झाली. अशा वेळीं श्रोता थोडा हळहळतो, तिकिटाचे पैसे परत घेतो आणि पुढल्या बैठकीची वाट पाहतो. परंतु गवई धडधाकट आहे, तिकिटें खपलेलीं आहेत, आणि तो म्हणतो कीं, 'ह्या ठिकाणचा कायदा माणसामाणसांत भेद करतो, म्हणून मी येथें गाणार नाहीं', तेव्हां गोष्ट निराळी होते. त्याचीं गाणीं ज्यांना तोंडपाठ आहेत त्याच मंडळींत दोन तट पडतात. एक तट त्याला डोक्यावर घेतो. दुसरा म्हणतो, 'आम्हीं पैसे गाण्याचे दिले होते, उपदेशाचे नव्हेत.' दोन्ही तट रसिकांचेच असतात. त्यांतील कोणाचें म्हणणें कितपत खरें, एवढेंच आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम घरचें उदाहरण घेऊं. आणि तें नभोवाणीवरूनच सांगणें उचित आहे, कारण तें नभोवाणीविषयींचेंच आहे. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हें नांव मराठी श्रोत्यांस नवें नाहीं. आळंदीस १८९८ सालीं त्यांचा जन्म झाला. भास्करबुवा बखल्यांपाशीं त्यांनीं विद्या घेतली. गंधर्व नाटक मंडळींत आणि पुढें प्रभात कंपनीच्या बोलपटांत कीर्ति मिळविली. इंग्रजी अमलाच्या शेवटल्या काळांत मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर गात असतां त्यांनीं 'वंदे मातरम्' म्हणण्यास आरंभ केला, आणि तेथील अधिकाऱ्यांनीं तें गाणें मध्येंच बंद पाडलें. कृष्णरावांनीं त्या दिवसापासून नभोवाणीवर बहिष्कार घातला. तो त्यांनीं १९४७ पर्यंत पाळला, आणि त्या सालीं सन्मानानें बोलावणें आलें तेव्हांच ते तेंच गीत घेऊन पुन्हां ध्वनिक्षेपकापुढें बसले.

हा निर्बंध वर्णावरून अगर जातीवरून भेद करणारा नव्हता. राज्यकर्ते आणि प्रजा ह्यांमधील भेदाचा तो होता. त्या गीताविषयीं देशांतहि दोन मतें होतीं, आणि तो वाद मला येथें उकरावयाचा नाहीं. मला एकच गोष्ट दाखवावयाची आहे. ह्या बहिष्कारानें कोणाचें काय गेलें? कृष्णरावांची बिदागी गेली, आणि घरोघर पोंचण्याची वाट बंद झाली. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांचें मात्र फारसें गेलें नाहीं. त्यांना मैफली होत्या, नाटकगृहें होतीं, बोलपट होते. गेलें तें दूरच्या तालुक्याच्या गांवीं एखाद्या वकिलाच्या वा डॉक्टरच्या ओसरीवर, रेडिओभोंवतीं बसलेल्या माणसाचें. त्यानें तें गीत बंद पाडलें नव्हतें. कदाचित् तें ऐकण्यासच तो कान टवकारून बसला होता. म्हणजे ज्याचा अपराध मुळींच नाहीं, त्यालाच भुर्दंड अधिक पडला. गवयाच्या बहिष्कारावर जो सर्वांत बळकट आक्षेप आहे तो हाच, आणि त्याला बगल देऊन पुढें जातां येणार नाहीं.

आतां ज्या देशांत कायद्यानेंच श्रोत्यांची विभागणी होत असे, त्या अमेरिकेकडे वळूं. तेथील दक्षिणेच्या राज्यांत गोऱ्यांनीं एकीकडे बसावें आणि काळ्यांनीं दुसरीकडे, असे नियम १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यापर्यंत चालू होते. रे चार्ल्स हा अंध, कृष्णवर्णी गायक जॉर्जिया राज्यांतच जन्मला होता. १५ मार्च १९६१ रोजीं त्या राज्यांतील ऑगस्टा शहरीं त्याचा जलसा ठरला होता. दिवाणखान्यांत नाचण्याची जागा गोऱ्यांसाठीं राखलेली होती, आणि काळ्या श्रोत्यांनीं वरच्या सज्जांत बसून पाहावयाचें होतें. त्या गांवच्या पेन कॉलेज नांवाच्या, कृष्णवर्णी मुलांच्या विद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं ही व्यवस्था रे चार्ल्सला कळविली, आणि त्यानें जलसा रद्द केला. जलसा ठरविणाऱ्यानें त्याच्यावर दावा लाविला, आणि १९६२ सालीं न्यायालयानें त्याला ७५७ डॉलर भरावयास लाविले. पुढें १९६३ च्या ऑक्टोबरांत त्याच सभागृहांत, सर्व श्रोते एकत्र बसलेले असतां, तो येऊन गायिला. त्याच्या चरित्रावरील २००४ च्या चित्रपटांत जॉर्जिया राज्यानें त्याला जन्माची बंदी केली असें दाखविलें आहे, आणि पुष्कळांचा तोच समज आहे. तशी बंदी कधींहि झाली नव्हती. घडलें तें साधें होतें: दंड भरणें आणि परत येणें. १९७९ सालीं त्याच राज्यानें त्यानें गाजविलेलें जॉर्जियाविषयींचें गाणें आपलें राज्यगीत म्हणून स्वीकारलें.

ह्या हकीकतींत विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, येथें नकाराची सूचना श्रोत्यांकडून आली. ज्यांना सज्जांत बसावें लागणार होतें, त्यांनींच सांगितलें कीं, असें गाऊं नका. आपल्या आवडत्या गवयाचें गाणें आपल्या गांवीं होत असतां तें होऊं नये असें म्हणणें, हा त्या मुलांनीं केलेला त्याग लहान नव्हता. आणि त्यामुळेंच, 'आम्हीं काय केलें होतें?' असा प्रश्न खालच्या जागेंत नाचावयास आलेल्या माणसांनीं विचारला असेल, तर त्याचें उत्तर रे चार्ल्सनें देण्याची गरज नव्हती. तें उत्तर त्यांच्या डोक्यावरच्या सज्जांत होतें.

तीन वर्षांनीं, १९६४ च्या सप्टेंबरांत, इंग्लंडच्या बीटल्स ह्या प्रसिद्ध चौघांनीं फ्लॉरिडा राज्यांतील जॅक्सनव्हिल येथें हाच प्रश्न उपस्थित केला. श्रोत्यांची वर्णावरून वेगवेगळी बसवणूक होणार असेल तर आम्ही वाजविणार नाहीं, असें त्यांनीं आधींच बजावलें. व्यवस्थापकांनीं ती अट मान्य केली आणि जलसा झाला. नकार देण्याची तयारी असली म्हणजे नकार देण्याची वेळ पुष्कळदां येत नाहीं, हें ह्यावरून दिसतें.

आतां आपल्या काळांतील गोष्ट. २३ मार्च २०१६ रोजीं अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यांत एक कायदा झाला. सरकारी इमारतींत आणि शाळांत प्रत्येकानें आपल्या जन्मदाखल्यावर जें लिंग नोंदलें असेल त्याचेंच स्वच्छतागृह वापरावें, असें त्यानें ठरविलें. आणि राज्यांतील शहरांनीं ह्याहून उदार नियम स्वतः करूं नयेत, असेंहि बंधन घातलें. ज्यांस आपण तृतीयपंथी अगर पारलिंगी म्हणतों, त्यांच्यावर हा घाला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १५ एप्रिल २०१४ रोजींच अशा व्यक्तींना आपली ओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या कायद्याची दिशा ध्यानांत येते. ब्रूस स्प्रिंगस्टीन ह्या विख्यात गायकाचा १० एप्रिलला तेथील ग्रीन्सबरो शहरीं जलसा होता. दोन दिवस आधीं, ८ एप्रिलला, त्यानें तो रद्द केल्याचें जाहीर केलें, कारण लेखी कळविलें, आणि तिकिटांचे पैसे परत देण्याची व्यवस्था झाली. मागोमाग आणखी कांहीं वाद्यवृंदांनीं तेंच केलें.

श्रोत्यांचें काय झालें? कांहींनीं त्याची वाहवा केली. इतकीं वर्षें तो कष्टकऱ्यांचीं आणि उपेक्षितांचीं गाणीं गात आला, आतां त्या शब्दांस जागला, असें ते म्हणाले. कांहीं रागावले, गाण्यांत राजकारण कशाला, असा त्यांचा सूर होता, आणि तेथील एका लोकप्रतिनिधीनें तर ह्याला दांडगाई म्हटलें. परंतु तिसरा एक वर्ग होता, आणि मला त्याच्याविषयीं सर्वांत अधिक वाटतें. ह्यांना तो कायदा नको होता. ह्यांनीं तो केला नव्हता. कांहींजण तर दूरच्या गांवांहून प्रवासाची तजवीज करून बसले होते. त्यांचें म्हणणें असें कीं, आमच्यावर आधींच एक वाईट कायदा लादला गेला, आणि आतां आमचा गवईहि आम्हांला सोडून गेला. मग आमच्या बाजूला उरलें कोण? कृष्णरावांच्या दूरच्या श्रोत्याची जी तक्रार असावी, तीच ही तक्रार. तींत दिवाणखान्यांतील रोजंदारीच्या माणसांची, बाहेर खाद्यपदार्थ विकणारांची भर घातली म्हणजे ती आणखी जड होते.

ह्याच तक्रारीला उत्तर म्हणून कांहीं कलावंतांनीं दुसरी वाट धरली. सिंडी लॉपर ह्या गायिकेनें त्याच राज्यांतील रॅली शहरींचा आपला जलसा रद्द केला नाहीं. ती गेली, गायिली, आणि त्या कार्यक्रमाचें उत्पन्न त्या कायद्याविरुद्ध झगडणाऱ्या संस्थेस दिलें. ह्यांतली कोणती वाट बरोबर? दोन्ही प्रामाणिक आहेत, असें मला वाटतें. न गाणें हें कायदा करणारांस उद्देशून असतें, आणि गाणें हें कायद्याखालीं राहणारांस उद्देशून असतें. पुढें ३० मार्च २०१७ रोजीं त्या कायद्याचा स्वच्छतागृहाविषयींचा भाग रद्द झाला. शहरांवरचें बंधन मात्र २०२० च्या अखेरीपर्यंत राहिलें. हें एकट्या गवयांनीं घडविलें असें म्हणणें खोटें होईल. व्यापारी कंपन्यांनीं आपले बेत मागें घेतले होते, बास्केटबॉलचा एक मोठा सामना दुसऱ्या राज्यांत हलविला गेला होता, आणि त्या राज्यांतले लोक स्वतः झगडत होते. गवयाच्या नकारानें कायदा बदलत नाहीं; परंतु ज्यांनीं वर्तमानपत्राचें तें पान कधींच उघडलें नसतें, त्यांना तें उघडावें लागतें.

येथवर परदेशच्या गोष्टी झाल्या. आमच्याकडचीहि एक सांगतों, कारण भेद नेहमीं कायद्याच्या पुस्तकांतच असतो असें नाहीं. पुष्कळदां पुस्तक स्वच्छ असतें आणि ओसरी मळलेली असते. देवरी हा गोंदिया जिल्ह्याचा पूर्वेकडील, छत्तीसगडास लागून असलेला तालुका. ह्या मुलुखास झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली म्हणजे आमच्याकडे गांवोगांवीं मंडई भरते, आणि रात्रीं दंडार किंवा नाटक असतें. लेकीजांवई, सोयरेधायरे दुरून येतात. सालांतून एकदांच येणारी ती रात्र असते. चाळीसएक वर्षांपूर्वीं, मी नुकताच शिक्षक झालों असतां, अशाच एका गांवीं दंडारीची मंडळी आली. तींतला ढोलकीवाला पूर्वीं ज्यांस अस्पृश्य म्हणत त्या समाजांतला होता. संध्याकाळीं यजमानाकडे जेवणाचीं पानें मांडलीं, तीं मंडळींचीं ओसरीवर आणि ढोलकीवाल्याचें गोठ्याच्या अंगास. अस्पृश्यता संविधानानें १९५० सालींच नष्ट केली होती, आणि १९५५ च्या कायद्यानें ती पाळणारास शिक्षाहि ठेवली होती. मंडळीच्या म्होरक्यानें भाषण केलें नाहीं. तो पानावरून उठला, साज बांधावयास सांगितला, आगाऊ घेतलेली रक्कम यजमानापुढें ठेवली, आणि सारेजण अंधारांतून निघून गेले.

पटांगणांत तोंवर दोनतीनशें माणसें सतरंज्या अंथरून बसलीं होतीं. बातमी पसरतांच गलका झाला. वर्गणी गोळा करणारीं तरुण मुलें संतापून म्हणाली, 'आम्हीं काय केलें? पानें काय आम्हीं मांडलीं?' आणि तें खरेंच होतें. कडेवर मूल घेऊन आलेल्या बाया निमूटपणें परत फिरल्या. त्यांना कोणी कांहीं विचारलेंहि नाहीं. माझ्या शेजारीं त्या ढोलकीवाल्याच्याच समाजांतले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. दीड कोस चालून आले होते. मीं म्हटलें, 'बाबा, तुमची रात्र वायां गेली.' ते म्हणाले, 'गुरुजी, दंडार त मंग बी पायता येते. असा उठून जानारा मानूस मी आजवर पायलो नोहतो.'

पुढें दोन वर्षें त्या मंडळीला त्या गांवानें बोलाविलें नाहीं. तिसऱ्या वर्षीं बोलाविलें, आणि पंगत एकच बसली. कांहीं मंडळी त्या दिवशीं घरींच जेवून आलीं होतीं, हेंहि मीं पाहिलें. सुधारणा अशाच तऱ्हेनें, अर्ध्या मनानें, पाय ओढीत येते. परंतु त्यानंतरच्या मंडईंत गोठ्याच्या अंगास पान मांडलेलें मला दिसलें नाहीं.

ह्या सर्व उदाहरणांवरून मीं माझ्यापुरता जो निष्कर्ष काढला, तो आपणांपुढें ठेवतों. गवयाच्या नकाराला मान द्यावयाचा कीं नाहीं, हें तीन गोष्टींवरून ठरवावें. पहिली, त्यानें स्वतः कांहीं सोसलें काय? बिदागी, दंड, श्रोत्यांची नाराजी, ह्यांपैकीं कांहींच ज्याला लागलें नाहीं, त्याचा नकार स्वस्त. दुसरी, श्रोत्याचे पैसे आणि नकाराचें कारण, हीं दोन्ही त्यानें प्रामाणिकपणें परत केलीं काय? दंडारीच्या म्होरक्यानें पैसे ठेवले, पण पटांगणांतल्या बायांना कारण सांगितलें नाहीं. तेवढी उणीव त्याच्याकडेहि राहिली, असें मी मानतों. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, दार उघडल्यावर तो परत आला काय? कृष्णराव परत आले, रे चार्ल्स परत आला. ज्याला परत यावयाचेंच नसतें, त्याचा नकार हा त्या गांवाचा तिरस्कार असतो, त्या नियमाचा निषेध नव्हे.

परंतु गवयाची अशी परीक्षा घेण्यास श्रोत्याच्या अंगींहि थोडी पात्रता पाहिजे. तिकीट घेतल्यानें आपल्याला गाण्यावर हक्क मिळतो. तें झालें नाहीं तर पैसे परत घेण्याचा हक्क मिळतो. गवयाच्या विवेकावर मात्र हक्क मिळत नाहीं. संस्थानिकांच्या दरबारांत गवई पदरीं असे, आणि धन्याची आज्ञा झाली म्हणजे त्याला गावें लागे. ते दरबार गेले. आतां आपण श्रोत्यांनीं एकएक रुपयाच्या वर्गणीनें त्यांच्या गादीवर बसूं पाहूं, तर तें शोभणार नाहीं. त्याचप्रमाणें, घरीं बसून नुसती टाळी वाजविणारानेंहि फार फुशारकी मारूं नये. गवयानें एक रात्र गमावली म्हणून आपली जबाबदारी फिटत नाहीं.

आणि त्या तिसऱ्या वर्गाला, ज्यानें कांहींच अपराध केला नाहीं आणि तरी ज्याची संध्याकाळ गेली त्याला, काय सांगावें? त्याची तक्रार खोटी आहे असें मी सांगणार नाहीं. ती खरी आहे. तिचा पत्ता मात्र त्यानें नीट लिहावा. तिकिटाचे पैसे परत मागण्याचें एक पत्र दिवाणखान्याच्या व्यवस्थापकास जाऊं द्यावें. आणि दुसरें पत्र, तितक्याच निकडीनें, आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीस जाऊं द्यावें, कीं तुम्हीं केलेल्या ह्या नियमापायीं माझ्या गांवीं गाणें झालें नाहीं, आणि सज्जांत बसविलेलीं माणसें हीं माझ्याच गांवचीं माणसें आहेत. पहिल्या पत्रानें पैसे परत येतात. गवई परत यावयाचा असेल, तर तो दुसऱ्या पत्राच्या वाटेनें येईल.